नॉरिसच्या गाडीचं उजवं दार

नॉरिस हॉवलंड जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात वारला आणि त्याला पुरायचं ठरलं मे महिन्याच्या सोळा तारखेला. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. उत्तर मॉन्टानात जानेवारीत जमीन चार फूट खोलवर गोठलेली असते. हिवाळ्यात गेलेलं माणूस ओस्टबी गावात, अंत्यविधीवाल्याच्या मागच्या थंड खोलीत, बर्फ वितळायची वाट बघत पडून राहतं. चर्चमधली प्रार्थना, तळघरातलं जेवण, नातेवाइकांचं रडणं, सगळं लगेच उरकतं. मातीचं तेवढं मागे राहतं.

म्हणजे आर्डेलच्या हातात साडेतीन महिने होते. आर्डेल हा नॉरिसचा धाकटा भाऊ. वय अडुसष्ट, लग्न केलेलं नाही. जिल्ह्याच्या रस्ते खात्याच्या वर्कशॉपमध्ये त्याने अडतीस वर्षं बर्फ ढकलणारी यंत्रं आणि रस्ता सपाट करणारे ग्रेडर दुरुस्त केले. त्या नोकरीने त्याला पेन्शन दिली आणि उजवा खांदा घेतला. आता तो हात छातीच्या वर न्यायचा तर डाव्या हाताने उचलून ठेवावा लागे. निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसायचं, एवढाच त्याचा बेत होता. पण ख्रिसमसच्या आधी दवाखान्यात त्याने भावाला शब्द दिला होता.

“मला माझ्याच गाडीतून वर न्यायचं,” नॉरिस म्हणाला होता. “आणि पुढे ट्रॅक्टर जोडायचा नाही. कळलं? तिने आपल्या चाकांवर चढायचं.”

“मे महिन्यात? त्या चढावर?”

“म्हणून तर ती दुसरी चासी आणून ठेवलीय मी.”

“दोन वर्षं झाली आणून. तिच्यातून गवत वर आलंय.”

“मग उपट.”

गाडी म्हणजे एक्कावन्न सालची हिरवी शेवरलेट पिकअप. वडिलांनी कोरी घेतली होती. पुढे ती थोरल्याकडे गेली. तिच्या इंजिनाची ओढ फक्त मागच्या दोन चाकांना. कोरड्या दिवसांत ठीक. पण वेस्ट फोर्क चर्चचं दफनस्थान चर्चपासून दीड मैल लांब एका टेकडीवर आहे, आणि वर जायला दोन चाकोऱ्यांखेरीज रस्ता नाही. तिथली चिकणमाती ओली झाली की चाकांना असे थर चढतात, की चाक मडगार्डला घासून जागच्या जागी थांबतं. अंत्यविधीवाल्याची काळी गाडी खालच्या फाटकाशीच उभी राहते. तिथून पुढे ज्याने त्याने आपलं माणूस आपल्या वाहनातून न्यायचं, ही इथली रीत. नॉरिसने त्या हिरव्या गाडीतून कित्येक शेजारी वर पोहोचवले होते.

अठ्ठ्याऐंशी सालच्या एप्रिलमध्ये म्हाताऱ्या एल्व्हिनाला नेताना मात्र गाडी मध्येच रुतली. ट्रॅक्टर जोडला. हिसका बसला तशी शवपेटी मागे घसरली आणि हौद्याच्या मागच्या फाळक्यावर धाडकन आपटली. एल्व्हिनाच्या मुलाने नॉरिसकडे एकदा नुसतं बघितलं. ती नजर नॉरिसला शेवटपर्यंत पुरली.

फेब्रुवारीत आर्डेलने शेडमधली शेगडी पेटवली आणि कामाला लागला. काम सांगायला सोपं होतं. सत्त्याण्णव सालच्या एका फोर-व्हील गाडीचा वरचा पत्रा सगळा खलास झालेला, पण चासी म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, इंजिन आणि चारी चाकांना ओढ देणारी यंत्रणा धडधाकट. तो पत्रा उतरवून टाकायचा आणि त्या चासीवर एक्कावन्न सालची केबिन, बॉनेट, मडगार्ड आणि मागचा हौदा आणून बसवायचा. वरून बघणाऱ्याला ती वडिलांचीच गाडी दिसली पाहिजे.

आर्डेलचं काम मापावर चाले. प्रत्येक माप तो खडूने शेडच्या भिंतीवर लिहायचा. जुन्या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर एकशे सोळा इंच. नव्या चासीचं एकशे साडेसतरा. हा दीड इंच कुठे जिरवायचा यावर त्याने चार दिवस घालवले. शेवटी हौदा दीड इंच मागे सरकवायचा ठरवलं, म्हणजे मागचं चाक मडगार्डच्या कमानीत मधोमध येईल आणि केबिन-हौद्यातली फट दोन बोटं वाढेल.

“दीड इंच!” गेलन सोरम म्हणाला. “आमच्या स्वयंपाकघराच्या फरशीला एवढाच उतार होता. बायकोने बावीस वर्षं ऐकवलं मला.”

गेलन हा शेजारचा. शेत मुलीकडे सोपवलेला, विधुर. रोज सकाळी दहाला तो थर्मासात पांचट कॉफी घेऊन यायचा, पालथ्या बादलीवर बसायचा आणि दुपारी जेवायला उठायचा. हात कशाला लावायचा नाही, पण आर्डेल फार वेळ गप्प राहिला की त्याला राहवायचं नाही.

“नॉरिस वरून बघतोय म्हणून एवढं मोजतोयस का?”

“नॉरिस गावात थंड खोलीत आहे,” आर्डेल म्हणाला. “ती टेप दे.”

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात केबिन जुन्या चासीवरून उतरवायची वेळ आली. केबिन जिथे चासीला बोल्टने जखडलेली होती, तिथला तळच गंजून गेला होता. बोल्ट हलेनात. मग केबिनचा तळ बोल्टच्या आजूबाजूने ग्राइंडरने कापायचा आणि छताला टांगलेल्या चेन ब्लॉकने, साखळीच्या कप्पीने, केबिन वर उचलायची, एवढाच मार्ग उरला.

यात एक गोष्ट आधी करायची असते. केबिनचा तळ गेला की दारांची भोकं तेवढी उरतात. नुसता वाकड्या पायांचा स्टूल. म्हणून तळ कापायच्या आधी दोन्ही दारांच्या चौकटींत आडवे-तिरपे पाइप वेल्ड करून घ्यायचे. नाहीतर उचलताना केबिन दुमडते आणि मग दारं जन्मात नीट लागत नाहीत. आर्डेलला हे माहीत नव्हतं असं नाही. अडतीस वर्षांत त्याने हेच सांगून किती तरी लोकांना फटकारलं होतं.

पण पाइप शेडच्या मागे, कमरेएवढ्या बर्फाखाली होते. सकाळपासून खांदा ठणकत होता. फावडं घेऊन तो मागच्या दारापर्यंत गेला, बर्फाकडे बघत जरा वेळ उभा राहिला आणि परत आला. केबिन उचलायची, चार फूट बाजूला न्यायची, नव्या चासीवर ठेवायची. दहा मिनिटांचं काम. जुना पत्रा आहे, जाड आहे, टिकेल. त्या दिवशी गेलनही सर्दीने घरी होता. आर्डेलने तळ कापला आणि साखळी ओढली.

केबिन वर आली तेव्हा उजवीकडून एक आवाज आला. लाकडी जिन्यावरून जड माणूस उतरावा तसा. आर्डेलने ऐकला. साखळी ओढतच राहिला.

नंतरचा महिना कष्टात गेला. चासीवर नवीन आधार तयार केले, त्यांत रबराचे बुश घातले, नवा तळ कापून वेल्ड केला, स्टिअरिंगचा दांडा जोडला. हौदा बसवला. संध्याकाळी घरी जाऊन तो उभ्या उभ्याच पावाचे दोन तुकडे खायचा, कारण एकदा बसलं की उठवत नसे. एप्रिलच्या शेवटी दारं बसवली. डावं दार खटकन लागलं. उजवं लागेना. दाराचं कुलूप चौकटीतल्या खाचेच्या पाऊण इंच खाली येत होतं.

आर्डेलने ते दार वीस वेळा लावून बघितलं. मग टेप घेऊन चौकटीची दोन्ही तिरपी मापं घेतली. ती सारखी असायला हवी होती. नव्हती. भिंतीवर ती लिहायला गेला तेव्हा त्याला दिसलं, की कापायच्या आधीची ही मापं त्या भिंतीवर कुठेच नाहीत. सगळं लिहिलं होतं, एवढं सोडून.

आता नीट करायचं तर नवा तळ पुन्हा कापावा लागणार, केबिन सरळ करावी लागणार, पुन्हा वेल्डिंग. तीन आठवड्यांचं काम. आणि खांदा तर आता डाव्या हाताचंही ऐकत नव्हता. चौकटीत जॅक लावून त्याने ती रेटून बघितली. जॅक काढला की पत्रा परत आपल्या जागी. गेलन आला तेव्हा आर्डेल पायदानावर बसलेला होता.

“दोरीने बांधू,” गेलन म्हणाला. “गवताचे भारे बांधायची ती नारिंगी दोरी. निम्म्या जिल्ह्याच्या गाड्या तिच्यावर चालतात.”

“त्या सीटवर डार्लीन बसणार आहे.”

डार्लीन म्हणजे नॉरिसची बायको. नवऱ्याच्या शेवटच्या वाटेवर तिने दोरीने बांधलेल्या दाराला टेकून बसायचं, चढावर दार उघडलं तर चिखलात पडायचं. की चर्चच्या पास्टरबाईंच्या चकचकीत गाडीतून मागून यायचं?

“मग पास्टरबाईंची गाडीच वापरू सरळ,” गेलन हळूच म्हणाला. “तीपण फोर-व्हील आहे. कुणी तुला बोल लावणार नाही.”

“हो,” आर्डेल म्हणाला. “कुणीच लावणार नाही.”

मेच्या सात तारखेला डार्लीन आली. सत्तरीची, उंच, हातात झाकलेलं भांडं. गाडीचा आवाज ऐकून आर्डेलने घाईघाईने उजव्या बाजूवर ताडपत्री ओढली होती.

“बटाट्या-मांसाची हॉटडिश आणलीय,” ती म्हणाली. “वाळून काठी झालायस. बघू तरी गाडी.”

“समोरून बघ. बॉनेट बघ.”

तिने बॉनेट बघितलं. मडगार्डवरून हात फिरवला. चाकांपाशी वाकून म्हणाली, “केवढी उंच झालीय. मला चढायला शिडी लागेल.”

“पायरी करतोय एक.”

“आणि ही ताडपत्री कशाला?”

“रंग ओला आहे.”

“आर्डेल हॉवलंड, लहानपणापासून तुला खोटं बोलता येत नाही.” तिने ताडपत्री ओढली. दार दिसायला नीट होतं, रंग तर पन्नास वर्षांपूर्वीचा. तिने दार ओढून लावलं. ते चौकटीवर आपटून परत आलं.

आर्डेलने मग सगळं सांगितलं. बर्फाखालचे पाइप, खांदा, तो आवाज. सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता, भिंतीकडे बघत होता. “अडतीस वर्षं मी दुसऱ्यांना सांगत आलो,” तो म्हणाला. “आणि त्याच्याच गाडीला मी हे केलं. फावडं हातात होतं माझ्या.”

डार्लीनने भांडं बाकावर ठेवलं आणि ती पालथ्या बादलीवर बसली.

“दार उचलून लावलंस का?” तिने विचारलं.

“म्हणजे?”

“म्हणजे हँडल वर उचलायचं आणि मग ढकलायचं. मी पन्नास वर्षं तसंच लावतेय.”

“ते जुनं झालं म्हणून. बिजागरी झिजली म्हणून.”

“झिजली नव्हती.” ती हसली, पण थकून. “आमच्या लग्नाच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबरात, नाचाच्या कार्यक्रमातून येताना नॉरिसने ही गाडी खड्ड्यात घातली. पार आडवी. उजव्या अंगावर. मी त्याच बाजूला होते. वरच्या खिडकीतून बाहेर निघालो आणि दोघांनी मिळून ती ढकलून उभी केली. माझा बूट अजून असेल तिथे.”

आर्डेलने दाराच्या चौकटीवरून बोट फिरवलं.

“तुझ्या वडिलांना कळलं असतं तर जीवच घेतला असता त्यांनी. म्हणून माझ्या काकांच्या गोठ्यात दोन दिवस ठोकाठोक केली. रंग खरवडला होता, त्याचा दोष कुंपणाच्या तारेवर ढकलला. आणि मला शपथ घातली. तुला सांगायचं नाही, असं खास बजावलं होतं.”

“मला का?”

“तू टेप घेऊन आला असतास.”

आर्डेल उठला. पुन्हा तिरपी मापं घेतली, जशी काही ती आता वेगळी येणार होती. फरक पाऊण इंचाचा. त्यातला नॉरिसचा किती आणि आपला किती, हे आता कुठल्याही टेपवर दिसणार नव्हतं. सगळाच आपला असेल. किंवा अर्धा. तो आवाज त्याने ऐकला होता, एवढं मात्र नक्की.

“मग गोठ्यात त्याने ते लावलं कसं?” त्याने विचारलं.

“बिजागरीच्या फटीत कुऱ्हाडीच्या दांड्याचा तुकडा धरला आणि मला दार ढकलायला लावलं. दांडा मध्ये अडकला की बिजागरी वाकते आणि दार वर येतं. मी म्हटलं, मोडेल. तो म्हणाला, मोडलं तर तुझ्याशी लग्न करावंच लागेल, दुसरी कोण बसणार या गाडीत.”

वर्कशॉपमध्ये असं काम करणाऱ्याला आर्डेलने हाकललं असतं. त्याने कोपऱ्यातून मोडक्या हातोड्याचा दांडा शोधला, चार बोटांएवढा तुकडा कापला आणि खालच्या बिजागरीत धरला. डाव्या हाताने.

“ढकल.”

तिने ढकललं. लाकूड करकरलं.

“अजून?”

“अजून थोडं. अगं, जोर लाव की!”

“सत्तर वर्षांची आहे मी. तुझा भाऊ निदान ‘प्लीज’ म्हणायचा.”

“प्लीज.”

पाचव्या खेपेला दार अर्धा इंच वर आलं. पुढे येईना. आर्डेलने लाकूड काढलं, हँडल वर उचललं आणि ढकललं. दार लागलं. ओढून बघितलं, उघडलं नाही. वरच्या बाजूला फट रुंद आणि खाली अरुंद दिसत होती. कुणीही मेकॅनिक रस्त्यापलीकडून सांगू शकला असता की दार वाकडं आहे. आर्डेलने खडू घेतला. भिंतीवर काय लिहावं ते सुचेना, तसा तो परत खिशात ठेवला.

गुरुवारी पाऊस झाला. शुक्रवारीही झाला. शनिवारी सकाळी सोळा तारखेला ढग होते, पण पाऊस नव्हता. खालच्या फाटकाशी काळी गाडी थांबली आणि सहा जणांनी पेटी हिरव्या गाडीच्या हौद्यात सरकवली. पेटी हौद्यापेक्षा लांब, म्हणून फाळका आडवा उघडा, दोन्ही साखळ्यांवर. आर्डेलने पट्टे आवळले, दोनदा तपासले, मग तिसऱ्यांदा.

डार्लीन त्याने केलेल्या पायरीवरून चढली. दार तिने स्वतः उचलून लावलं. पास्टरबाई गमबूट घालून चालत मागे, बाकीचे त्यांच्या मागे, आणि गेलन फाळक्यावर हात ठेवून.

“तू हात कशाला ठेवलायस?” आर्डेलने खिडकीतून विचारलं.

“ढकलायला लागलं तर.”

“ढकलायचं नाही.”

“माहितीय रे. नुसता ठेवलाय.”

आर्डेलने चारी चाकांची ओढ लावली, सगळ्यात खालचा गिअर टाकला आणि क्लच सोडला. गाडी माणसाच्या चालीने निघाली. पहिला अर्धा मैल सपाट होता. मग चढ. चिखल चाकांवरून सुटून मडगार्डच्या आत थपाथप आपटू लागला. एल्व्हिना जिथे अडकली होती त्या वळणावर पुढची चाकं एकदा घसरली. इंजिनाचा आवाज बदलला. डार्लीनने उजव्या हाताने दाराचं हँडल वर ओढून धरलं होतं, दार उघडू नये म्हणून की दुसऱ्या कशासाठी ते तिलाच ठाऊक. आर्डेलने पाय हलवला नाही. कमी नाही, जास्त नाही. चाकं घसरली, घसरली आणि मग खालचं काहीतरी घट्ट त्यांना सापडलं. गाडी चढली.

वर पोहोचल्यावर त्याने इंजिन बंद केलं. तो बाहेर उतरला. सहा जणांनी नॉरिसला उचललं. पास्टरबाईंनी वाचायचं ते वाचलं. वारा एवढा होता की निम्मं कुणाला ऐकू आलं नाही. मातीचं मूठभर ढेकूळ आर्डेलने डाव्या हाताने टाकलं.

सगळं झाल्यावर माणसं उतरू लागली. खाली चर्चच्या तळघरात हॅमचे बन आणि कॉफी होती. डार्लीन बहिणीच्या आधाराने चालत गेली; म्हणाली, आता मला चालायचंच आहे. आर्डेल गाडीत येऊन बसला. डोकं मागे टेकलं. साडेतीन महिन्यांत पहिल्यांदाच त्याला पुढचं काम आठवत नव्हतं.

गेलन उजवीकडून चढला. “आता काय करणार या गाडीचं?”

“मागचे ब्रेक ओढतायत.”

“ते नाही विचारत.”

“मला माहितीय.”

गेलनने दार ओढून लावलं. ते आपटून उघडलं. पुन्हा आदळलं, पुन्हा उघडलं. “अरे, याला झालंय काय? एवढे महिने नुसतं मोजत बसलास, आणि दार—”

“उचलून लाव,” आर्डेल म्हणाला. त्याचे डोळे मिटलेले होते.